पेरिविंकल

मॉलस्का (मृदुकाय) संघाच्या गॅस्ट्रोपोडा (उदरपाद) वर्गातील लिटोरिनिडी कुलात समाविष्ट होणाऱ्या लहान सागरी गोगलगाई. खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या रेषांमधील पट्ट्यात वाढणाऱ्या शैवलांच्या सान्निध्यात त्या मोठ्या संख्येने आढळतात. लिटोरिना हा त्यांचा प्रमुख वंश असून त्याचा प्रसार उत्तर अटलांटिक व उत्तर पॅसिफिक महासागरांच्या किनाऱ्यांवर आहे. (सदाफुली या वनस्पतीचेही इंग्रजी नाव पेरिविंकल असे आहे, परंतु तिचा या प्राण्यांशी काही संबंध नाही.)

शरीररचना : कवच जाड, सर्पिल व एकाच तुकड्याचे असते. स्नायुमय पायाच्या मागील भागावर एक शृंगी झाकण (प्रच्छद) असून प्राणी कवचात शिरला म्हणजे त्याने कवचाचे तोंड घट्ट बंद होते. त्यामुळे ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकावर ऊन व वारा सहन करीत तो कित्येक तास ओलावा टिकवून राहू शकतो. डोक्यावर संस्पर्शकांची एक जोडी असून प्रत्येकाच्या बुडाशी एक डोळा असतो. मुखात कानशीसारखी, बारीक दातांच्या ओळी असलेली पट्टी (रेत्रिका) असते. तिने खडकावरील सूक्ष्म शैवलांचा थर खरवडून किंवा मोठ्या शैवलांचे कोवळे भाग कुरतडून हा प्राणी आपली उपजीविका करतो.

जाती व अधिवास : यूरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर या गटातील निरनिराळ्या जाती निरनिराळ्या उंचीवर राहतात. लाटांचे केवळ तुषार पोहोचतात अशा सर्वांत वरच्या भागात मेलॅराफी नेरिटॉइडीस ही अगदी लहान जाती असते. तिच्या खालच्या पट्ट्यात, खडकांच्या भेगांतून, लि. सॅक्साटिलिस आढळते. लि. लिटोरिया ही सर्वांत मोठी व परिचित जाती किनाऱ्याच्या मध्य व खालच्या भागांत असते. तिचे काळसर करडे कवच सामान्यतः सु. ३ सेंमी. उंच असते.

खऱ्या अर्थाने शैवलांत राहणाऱ्या जाती म्हणजे लि. ऑब्ट्युसाटा व लि. फॅबॅलिस या होत. पहिली ॲस्कोफायलम व फ्यूकस यांसारख्या तपकिरी शैवलांवर राहते आणि त्यांचेच ऊतक खाते. दुसरी तिच्याहून लहान असून किनाऱ्याच्या खालच्या भागातील फ्यूकस सेरॅटस या शैवलावर आढळते. मात्र ती शैवलाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पतींचा थर खरवडते. दिसण्यात फार साम्य असल्यामुळे या दोन्ही एकच समजल्या जात. १९६६ मध्ये त्या वेगळ्या जाती म्हणून ओळखल्या गेल्या. दोहोंची कवचे बसक्या माथ्याची व गुळगुळीत असून त्यांचा रंग पिवळा, हिरवट, तपकिरी किंवा पट्टेदार असतो. ॲस्कोफायलमवरील हवेने भरलेल्या फुगीर भागांमध्ये लि. ऑब्ट्युसाटा सहज ओळखू येत नाही.

प्रजनन : या प्राण्यांत नर व मादी वेगळे असून निषेचन शरीराच्या आत होते. पुढील क्रम मात्र जातींनुसार भिन्न आहे. लि. लिटोरियाची मादी अंडी असलेली सूक्ष्म संपुटे पाण्यात सोडते. त्यांतून बाहेर पडणारे डिंभ काही आठवडे प्लवकांबरोबर तरंगत दूरवर जातात. लि. सॅक्साटिलिसची मादी अंडी शरीरातच उबवून रांगणारी पिले बाहेर सोडते. लि. ऑब्ट्युसाटा व लि. फॅबॅलिस श्लेष्मल पुंजक्यांच्या रूपाने शैवलांवरच अंडी चिकटवतात आणि त्यांतून थेट लहान गोगलगाई बाहेर पडतात. तरंगणारी अवस्था नसल्यामुळे या दोन जातींचा प्रसार सावकाश होतो. अन्न, आसरा व अंड्यांना आधार या तिन्ही गरजांसाठी त्या शैवलांवर अवलंबून असतात.

परिस्थितिवैज्ञानिक महत्त्व : शैवले गोगलगाईंना पोसतात, त्याचप्रमाणे गोगलगाईही शैवलांच्या वाढीला वळण लावतात. जेन लुबचेंको यांनी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किनाऱ्यावर केलेले व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खडकांतील डबक्यांत लि. लिटोरियाची संख्या अत्यल्प असताना एंटेरोमॉर्फा हे जलद वाढणारे हिरवे शैवल इतरांना झाकून टाकते. संख्या फार असल्यास ते खाल्ले जाऊन काँड्रस क्रिस्पससारखी गोगलगाईंना नावडती, चिवट शैवलेच मागे उरतात. संख्या मध्यम असताना शैवलांच्या जाती सर्वांत अधिक असतात. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर मात्र असे होत नाही. तेथे गोगलगाईंना आवडणारी शैवलेच स्पर्धेत दुबळी असल्याने चरण्यामुळे विविधता घटते.

हीच जाती उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर नव्याने पसरलेली आहे. १८४० मध्ये नोव्हा स्कोशातील पिक्टू येथे तिची नोंद झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती दक्षिणेस न्यू जर्सीपर्यंत पोहोचली. त्या किनाऱ्यावर नंतर यूरोपातील कार्सिनस मीनस हा हिरवा खेकडाही उत्तरेकडे पसरला. रॉबिन सीली यांनी १९८६ मध्ये दाखविले की, १९०० पूर्वी गोळा केलेली लि. ऑब्ट्युसाटाची कवचे पातळ व उंच माथ्याची होती, तर १९८०–९० या दशकातील कवचे जाड व बसक्या माथ्याची होती. अशी कवचे फोडणे खेकड्याला कठीण जाते. खेकड्याचा गंध असलेल्या पाण्यात वाढविलेल्या गोगलगाईंची कवचेही अधिक जाड होतात, असे पुढील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजेच, या बदलात नैसर्गिक निवडीबरोबरच परिस्थितीनुसार शरीर बदलण्याच्या क्षमतेचाही वाटा असू शकतो.

मानवी संबंध : यूरोपात मध्याश्मयुगीन वस्त्यांजवळील कवचांच्या ढिगांत पेरिविंकलची कवचे मिळतात. ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्समध्ये लि. लिटोरिया आजही उकडून, मांस टाचणीने बाहेर काढून खाल्ली जाते. ओहोटीच्या वेळी ती हातांनी वेचतात. ॲस्कोफायलमची कापणी आयर्लंड, नॉर्वे व कॅनडा येथे अल्जिनेट, खते इत्यादींसाठी केली जाते. कापलेल्या शैवलाबरोबर त्यावरील गोगलगाई व अंड्यांचे पुंजकेही निघून जातात. तरंगणारे डिंभ नसलेल्या जातींना मोकळ्या झालेल्या भागात दुरून परत येणे कठीण असते. म्हणून कापताना शैवलाचा बुडाकडील भाग राखणे व कापलेल्या जागेला पुन्हा वाढण्यास अवधी देणे, हे केवळ शैवलाच्याच नव्हे, तर त्यावर जगणाऱ्या प्राण्यांच्याही हिताचे ठरते.

लिटोरिना वंश भारतात आढळत नाही. परंतु त्याच कुलातील लिटोरेरिया वंशाच्या जाती कोकणातील खाड्यांच्या काठी खारफुटीच्या खोडांवर व फांद्यांवर दिसतात.