वर्षाचा सर्वोत्तम मोबाईल गेम कोणता? वादात पडण्याआधी 'पोर्ट' समजून घेऊया

डिसेंबर आला की आठवी-नववीच्या मुलांमध्ये एक वाद ठरलेला असतो. यंदाचा बेस्ट मोबाईल गेम कोणता? एक गट म्हणतो लढाईचा, दुसरा म्हणतो पत्त्यांचा. तिसरा तावातावाने सांगतो, "तो मोबाईलचा गेमच नाही, कॉम्प्युटरवरून आणलाय!" हा वाद स्टाफरूमपर्यंत ऐकू येतो. पालकांना मात्र त्यातलं अवाक्षर कळत नाही. त्यांना एवढंच दिसतं की पोरगं फोनला चिकटलंय.

आमचं म्हणणं असं की हा वाद पालकांनीही समजून घ्यावा. कारण मुलं वरवर गेमवर भांडत असली तरी आत दोन मोठे सवाल आहेत. एखादी वस्तू चांगली कशाला म्हणायचं? आणि तिच्यामागे आपल्या खिशातून पैसा कसा जातो?

पोर्ट म्हणजे काय?

लग्नाच्या देगेतली बिर्याणी आठवा. तीच बिर्याणी घरी चार माणसांसाठी पातेल्यात करायची ठरवली तर? मसाला तोच, तांदूळ तोच. पण आच, पाणी, दम, सगळं नव्याने बसवावं लागतं. देगेचं माप तसंच्या तसं पातेल्यात ओतलं तर तांदळाची खीर होते.

गेमचंही तसंच. कॉम्प्युटरसाठी किंवा टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी बनवलेला गेम जेव्हा मोबाईलवर आणतात, तेव्हा त्या नव्या आवृत्तीला 'पोर्ट' म्हणतात. कॉम्प्युटरवर माऊस आणि कीबोर्ड असतो, कन्सोलला बटणांचा कंट्रोलर असतो. मोबाईलवर फक्त दोन अंगठे, आणि तेही निम्मा स्क्रीन झाकतात. अक्षरं बारीक होतात, बॅटरी तापते, मध्येच फोन वाजतो. हे सगळं लक्षात घेऊन केलेला पोर्ट चांगला. नुसता उचलून ठेवलेला पोर्ट वाईट.

बलाट्रोचा वाद

'द गेम अवॉर्ड्स' हा गेमच्या दुनियेतला मोठा वार्षिक सोहळा. तो 2014 पासून होतो. विजेता ठरवताना परीक्षकांच्या मतांना 90 टक्के आणि लोकांच्या मतांना 10 टक्के वजन असतं. 2024 मध्ये सर्वोत्तम मोबाईल गेमचा मान 'बलाट्रो'ला मिळाला.

बलाट्रो हा कॅनडातल्या एका डेव्हलपरने बनवलेला गेम आहे. तो आपलं खरं नाव सांगत नाही, 'लोकलथंक' या टोपणनावाने वावरतो. गेम फेब्रुवारी 2024 मध्ये कॉम्प्युटर आणि कन्सोलवर आला, आणि मोबाईलवर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे मोबाईलचा हा विजेता जन्माने मोबाईलचा नाहीच! मुलांचा आक्षेप नेमका इथेच आहे: पोर्टला मोबाईलचं बक्षीस का?

दोन्ही बाजूंत दम आहे. आक्षेप घेणारे म्हणतात, मोबाईलचा विचार करून ज्यांनी पहिल्या दिवसापासून मेहनत घेतली, त्यांच्यावर हा अन्याय आहे. दुसरी बाजू म्हणते, खेळणाऱ्याला जन्मदाखला कशाला हवा? हातातल्या फोनवर गेम कसा चालतो ते बघा. पत्ते बोटाने सरकवायचे असतात, एक डाव थोड्या वेळात होतो, मध्येच फोन खिशात टाकला तरी बिघडत नाही. अनेकांना तर बलाट्रो मोबाईलवरच जास्त शोभतो असं वाटतं.

आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत, पण एका अटीवर. बक्षीस पोर्टला द्यायचं असेल तर त्या पोर्टची कारागिरी तपासून द्यावं. मूळ गेमच्या नावलौकिकावर देऊ नये.

पत्ते दिसले म्हणजे जुगार?

बलाट्रोचं नाव ऐकून बऱ्याच घरांत भुवया उंचावतील. त्यात पोकरचे पत्ते आहेत, चिप्स आहेत. युरोपात गेमना वयाची पट्टी लावणाऱ्या 'पेगी' या संस्थेनेही याच कारणाने त्याला 18 वर्षांवरचा गेम ठरवलं होतं. त्यावर वाद झाला, अपील झालं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पट्टी 12 वर आली. बलाट्रोत खरा पैसा लावता येत नाही आणि जिंकताही येत नाही. एकदा किंमत द्या, मग आत काहीही विकत घ्यायचं नाही. गेम कुठल्याही जुगार कंपनीला कधी विकला जाऊ नये, असं आपण मृत्युपत्रात लिहून ठेवल्याचं लोकलथंकने जाहीर सांगितलं आहे.

आता दुसरं टोक बघा. 2021 चा विजेता 'गेन्शिन इम्पॅक्ट'. सुंदर डोंगर, नद्या, उडणारी पात्रं. पत्त्याचं पानसुद्धा कुठे दिसत नाही. गेम फुकट. पण त्यात हवं ते पात्र मिळवायचं तर 'विश' करावी लागते, म्हणजे नशिबाची चिठ्ठी उचलायची. पुरेशा चिठ्ठ्या खेळून मिळाल्या नाहीत तर पैसे देऊन घेता येतात. सर्वांत वरच्या दर्जाचं पात्र एका चिठ्ठीत निघण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के आहे, म्हणजे हजारात सहा. गणिताच्या तासाला हे करून दाखवता येतं: पहिल्या दहा चिठ्ठ्यांत असं एक तरी पात्र मिळण्याची शक्यता 6 टक्क्यांहूनही कमी येते. 90 चिठ्ठ्यांनंतर ते हमखास मिळतं. पण तिथवर पोचेपर्यंत 'आता एकदाच' किती वेळा म्हणून झालेलं असतं!

या पद्धतीला 'गाचा' म्हणतात; याच जातीच्या बंद पेटीला 'लूट बॉक्स'. बेल्जियमने 2018 मध्येच पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना जुगाराच्या कायद्यात बसवलं. अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये गेन्शिन चालवणाऱ्या कंपनीने सरकारी कारवाईनंतर 2 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. शिवाय 16 वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांच्या परवानगीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत, ही अटही मान्य केली.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली. पण गाचामध्ये पैसे परत जिंकायचे नसतात, जिंकायचं असतं पडद्यावरचं चित्र. त्यामुळे कायदा आहे म्हणून घर सुरक्षित, असं मानून निवांत बसता येत नाही.

मैसिर, म्हणजे जुगार, आपल्या दीनमध्ये मना आहे हे मुलांना लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण ते ओळखायचं कसं, हे सांगायचं राहून जातं. पत्ते, फासे, चिप्स ही वरची कातडी झाली. आत काय चाललंय? पैसा जातोय का, आणि बदल्यात काय मिळणार हे नशिबावर सोडलंय का? हे दोन सवाल मुलांनी स्वतः विचारायला शिकावं. एखादा खेळ जायज की नाजायज, हे ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारावं. ते सांगणं आमचं काम नाही. पण आलिमांपुढे खेळाची खरी माहिती ठेवणं हे तर आपलं काम आहे ना?

बगदाद, पण कोणासाठी?

पोर्टच्या वादात 'असॅसिन्स क्रीड मिराज'चं नावही येतं. हा गेम ऑक्टोबर 2023 मध्ये कन्सोल आणि कॉम्प्युटरवर आला. काळ आहे नवव्या शतकाच्या मध्याचा, शहर अब्बासी खलिफांचं बगदाद. खलिफा अल-मन्सूरने 762 मध्ये वसवलेलं गोल शहर, बाजार, नहरी, बैतुल हिकमा हे सगळं गल्लीबोळांसकट उभं केलंय. संवाद अरबीतही ऐकता येतात. बगदादच्या इतिहासाची माहिती देणारा एक वेगळा विभागही गेममध्ये आहे. पुस्तकात दोन ओळींत उरकणारं बगदाद इथे चालून बघता येतं.

जून 2024 मध्ये हाच गेम आयफोनवर आला. अख्खं शहर फोनमध्ये! तंत्राच्या दृष्टीने ही कमालच. पण तो चालतो आयफोन 15 प्रो किंवा त्यापुढच्या तशाच ताकदीच्या फोनवर, आणि पूर्ण गेमची किंमत होती सुमारे 50 डॉलर. शिवाय नायकाचं कामच लपून खून करण्याचं, म्हणून युरोपात त्याला 18 वर्षांची पट्टी आहे. म्हणजे ज्या मुलांना बगदाद दाखवावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हा गेम नाहीच. मोठ्यांनी बघावा, आणि मुलांना गोष्ट सांगावी.

यातून पोर्टचा आणखी एक निकष निघतो. सर्वोत्तम कोणासाठी? लाखाच्या फोनवरच चालणारा गेम घराघरातला सर्वोत्तम कसा म्हणायचा? या बाबतीत 'स्टार्ड्यू व्हॅली' पुढे आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला हा शेतीचा गेम. 2016 मध्ये कॉम्प्युटरवर आला, 2018 मध्ये आयफोनवर आणि 2019 मध्ये अँड्रॉइडवर. एकदाच पैसे द्यायचे, जाहिराती नाहीत. उणीव एकच: कॉम्प्युटरवर मार्च 2024 मध्ये आलेली मोठी सुधारणा मोबाईलवर यायला नोव्हेंबर उजाडला. पोर्टच्या नशिबी अशी वाट पाहणं असतं.

उलट्या दिशेचा प्रवास

प्रत्येक पोर्ट मोठ्या पडद्यावरून छोट्याकडेच येतो असं नाही. 2020 चा विजेता 'अमंग अस' 2018 मध्ये आधी मोबाईलवर आला, मग कॉम्प्युटरवर. गाजला मात्र दोन वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये.

आणखी एक उदाहरण आम्हाला जास्त जवळचं वाटतं. 'बरी मी, माय लव्ह' हा 2017 चा फ्रेंच गेम. नूर नावाची सीरियन बाई युद्धातून जीव वाचवून युरोपकडे निघालीये, आणि तिचा नवरा माजद मागे राहिलाय. खेळणारा माजद होतो. बंदूक नाही, गुण नाहीत. फक्त व्हॉट्सअ‍ॅपसारखे मेसेज. नूर विचारते, 'कुठल्या वाटेने जाऊ?' आपण सुचवायचं आणि वाट बघायची. शेवट 19 प्रकारचे आहेत, आणि सगळे सुखाचे नाहीत. 2019 मध्ये हा गेम कॉम्प्युटर आणि कन्सोलवरही गेला. पण ज्या फोनवर आपल्याच माणसांचे मेसेज येतात, त्याच फोनवर नूरचा मेसेज येणं, आणि कधी तासन् तास न येणं, याची धडधड मोठ्या पडद्याला कुठून येणार? आखातात कमावायला गेलेल्या माणसाच्या मेसेजची वाट ज्या घरांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

घरात हा वाद कसा करावा?

'फोन ठेव!' म्हटल्याने फोन काही वेळ बाजूला जातो, समज येत नाही. त्यापेक्षा मुलाला म्हणा, तुझा गेम बेस्ट का ते पटवून दे. सवाल आपण ठरवू:

- गेम मुळात कशासाठी बनला होता? मोबाईलवर आणताना काय बदललं?
- आपल्या घरातल्या फोनवर तो नीट चालतो का? नेट नसताना चालतो का?
- पैसे एकदाच द्यायचे, की पुन्हा पुन्हा? पैसे देताना काय मिळणार हे आधी कळतं का?
- मध्येच थांबता येतं का? अम्मीने हाक मारली, अजान झाली, तर गेम थांबतो की नुकसान करतो?
- वयाची पट्टी किती, आणि ती कशामुळे?

चौथा सवाल आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगला गेम माणसाला उठू देतो. वाईट गेम 'आज आला नाहीस तर बक्षीस गेलं' म्हणून धाक घालतो. आणि पेमेंटचा पासवर्ड, ओटीपी मोठ्यांकडेच राहू द्या. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती आजच सुरू करा.

मुलं या सवालांची उत्तरं शोधायला लागली की तुलना करायला, पुरावा द्यायला, समोरच्याचं ऐकून घ्यायला शिकतात. निबंधाच्या पेपरात आम्ही तेच तर मागतो. यंदाचा विजेता कोणीही होवो. आपल्या दस्तरखानावर या वादाचा निकाल मुलांनी कारणं देऊन लावावा, आणि आपण तो कान देऊन ऐकावा.