अ‍ॅलर्जीतला अर्ग

"मला मॅथ्सची अ‍ॅलर्जी आहे," असं आपण सर्रास म्हणतो. पण हा शब्द मूळचा जर्मन! १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ग्रीक 'आलोस' म्हणजे वेगळं आणि 'एर्गॉन' म्हणजे काम, हे जोडून तो घडवला. एर्गॉन, म्हणजे आपल्या फिजिक्समधला अर्गच की राव! घटसर्पावरचं घोड्याचं सीरम दुसऱ्यांदा टोचलं की काही मुलांना त्रास फार लवकर व्हायचा. पहिल्या ओळखीनंतर शरीर वेगळं 'काम' करतं, एवढाच अर्थ. लसीने येणारी प्रतिकारशक्तीही पिर्केंनी त्यातच धरली होती. नावडीचा संबंधच नव्हता. माझ्या रूममेटला पेनिसिलिन एकदा सोसलं, पुढच्या वेळी अंगभर गांधी उठल्या. केसपेपरवरचा अ‍ॅलर्जीचा रकाना आता मी त्याला कोरा सोडू देत नाही.