पुढचा दात तुटला, आता काय? मैदानावरचा पहिला तास

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळलेली वाक्यं सरळ केलीत.)

इयरफोन लावलेत ना? एसटीत असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन पडला असाल. जिथं असाल तिथं एक काम करा. जीभ पुढच्या दोन दातांवरून फिरवा. दोन्ही जागेवर आहेत? झकास.

माझा उजवीकडचा पुढचा दात अर्धाच माझा आहे. मूळ माझं, वर कॅप. बरं, दात तुटला म्हणून कॅप बसली असं नाही. तुटल्यावर मी जे करायला पाहिजे होतं ते केलं नाही, म्हणून बसली. आजचा भाग त्यावर.

टाच तोंडावर, दात मातीत

माझं गाव कराड तालुक्यात. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, कॉलेज सांगलीला, आणि जत्रेच्या कबड्डी स्पर्धेसाठी गावी आलेलो. मी डाव्या कोपऱ्याला. समोरचा रेडर आत आला, मी घोट्याची पकड करायला खाली झेपावलो आणि त्याची टाच थेट तोंडावर. आवाज कवडी फुटल्यासारखा. जिभेला काहीतरी धारदार लागलं. थुंकलो तर रक्त, आणि दाताचा तुकडा मातीत.

आमचा एक सीनियर दादा आला, तोंड बघितलं आणि म्हणाला, "काय न्हाय लगा, दातच हाय. चूळ भर अन् खेळ." मीही चूळ भरली आणि खेळलो. आपल्या भागात हे रक्तातच आहे. गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या मातीतली पोरं लागलं म्हणून बाहेर बसत नाहीत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात चूक काहीच नाही. पण गुडघा खरचटणं वेगळं आणि दात तुटणं वेगळं. खरचटलेली कातडी परत येते. दाताचं वरचं कवच शरीर पुन्हा कधीच तयार करत नाही.

तुकडा मी खिशात टाकला होता. रुमालात गुंडाळून. संध्याकाळपर्यंत तो कोरडा ठणठणीत झाला आणि रात्री कपडे धुवायला टाकले त्यात गेला. कुणीतरी लवंगेचं तेल लाव म्हणालं, लावलं, हिरडी भाजल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर-आष्टा मार्गे सांगलीची एसटी. खिडकीतून गार वारा आला की तुटलेल्या दातातून थेट डोक्यात कळ. अकरा दिवस मी तोंडावर हात ठेवून बोललो. मग डेंटिस्टकडे गेलो.

दात म्हणजे नुसतं हाड नाही

डेंटिस्ट मॅडमनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, ते तुम्हाला सांगतो. दाताला तीन थर असतात. वरचं कठीण, पांढरं कवच म्हणजे इनॅमल. त्याच्या खाली पिवळसर डेंटिन, त्यात अतिशय बारीक नळ्या असतात. आणि मधोमध नस, म्हणजे जिवंत भाग. रक्तवाहिन्या, संवेदना, सगळं तिथं.

नुसतं इनॅमल उडालं तर कड खरखरीत लागते, फारसं दुखत नाही. डेंटिन उघडं पडलं तर गार पाणी, वारा, गोड, सगळं झोंबतं. त्या नळ्यांतून जंतू आत नसेकडे जाऊ शकतात, म्हणून ते लवकर झाकावं लागतं. आणि तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसला, रक्ताचा थेंब येत असला, तर नस उघडी पडलीय. मग त्याच दिवशी डॉक्टर. वेळेत गेलं तर कित्येकदा पूर्ण रूट कॅनॉल टाळता येतं. वरचा थोडासा भाग काढून, औषध लावून, बाकीची नस जिवंत ठेवता येते. लहान वयात तर हे फार महत्त्वाचं, कारण मुळाचं टोक अजून पूर्ण बनलेलं नसतं आणि ते बनायला नस जिवंत लागते.

माझं डेंटिन उघडं पडलं होतं. मॅडमनी कंपोझिट लावलं, निळ्या लाईटनं पक्कं केलं, आरशात बघितलं तर दात जसाच्या तसा. मग त्यांनी विचारलं, "तुकडा कुठंय?" मी म्हटलं, धुण्यात गेला. त्या म्हणाल्या, तो पाण्यात नाहीतर दुधात ठेवून आणला असता तर तोच चिकटवता आला असता. स्वतःच्या दाताचा रंग, स्वतःच्या दाताचा आकार. मला हे माहीतच नव्हतं! तुम्हाला होतं का?

दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही

आता माझी खरी चूक. मॅडमनी सांगितलं होतं, दीड-दोन महिन्यांनी दाखवायला या, मग वर्षानं या. मी गेलो नाही. दुखत नव्हतं ना! परीक्षा होती, मॅच होत्या, पैसे मागायला लाज वाटत होती.

मार लागलेल्या दाताची नस कधीकधी गुपचूप मरते. ठणका नाही, सूज नाही. डॉक्टर गार लावून किंवा एक छोटं यंत्र लावून तपासतात, एक्स-रे काढतात, तेव्हाच कळतं. माझं कळलं ते सव्वा वर्षानं, ताईच्या लग्नाच्या आठवड्यात. दात राखाडी पडला होता आणि वर हिरडीवर पुळी आली होती, दाबली की घाण चव. हळदीच्या दिवशी गोळ्या खाऊन उभा होतो. त्या लग्नाचा अल्बम आमच्या घरी आहे. एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत. ताई अजून विचारते, "माझ्या लग्नात तू एवढा नाराज का होतास रे?"

पुढं रूट कॅनॉल, मग कॅप. खर्च पहिल्या फिलिंगच्या कितीतरी पट. आणि कॅप म्हणजे काय आयुष्यभराची हमी नाही, ती पुढं कधीतरी बदलावी लागणार.

अख्खा दात बाहेर आला तर

आता दुसरा प्रसंग. गेल्या हिवाळ्यात सांगलीजवळच्या एका मैदानावर मी खो-खोचा सराव बघायला गेलो होतो. चौदा वर्षांचं पोरगं खांबाला वळसा मारताना घसरलं आणि तोंड खांबावर. उठलं तेव्हा पुढचा एक दात गायब. अर्धा नाही, मुळासकट अख्खा. पोरं गोळा झाली, कुणी रडतंय, कुणी मोबाईलवर शूट करतंय.

माझ्या डोक्यात मॅडमचं एकच वाक्य होतं: दात कोरडा पडू देऊ नका. मुळावर पातळ जिवंत पेशींचा थर असतो, त्यानंच दात हाडाला धरून राहतो. बाहेर हवेत कोरड्या पडल्या की त्या मिनिटामिनिटाला मरतात. पंधरा मिनिटांत दात परत बसला तर उत्तम. एक तास कोरडा राहिला तर त्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात. तरीही दात फेकायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचाच.

दात मातीत सापडला. एकानं लगेच शर्टाला पुसायला घेतला, मी ओरडलो, "पुसू नको!" मग जे केलं ते क्रमानं सांगतो. हे लक्षात ठेवा, नाहीतर स्क्रीनशॉट काढा.

एक. दात पांढऱ्या भागाला धरायचा. मुळाला बोट लावायचं नाही.

दोन. माती असेल तर दुधानं हलकेच धुवायचा. दूध नसेल तर स्वच्छ पाण्याखाली काही सेकंदच. घासायचं नाही, साबण नाही, डेटॉल नाही.

तीन. पोरगं शुद्धीवर असेल, घाबरलेलं नसेल, तर दात त्याच खाचेत हलक्या हातानं परत बसवायचा. गुळगुळीत बाजू ओठाकडे. मग स्वच्छ रुमाल दाताखाली धरून हळू चावून ठेवायला सांगायचं. खरं सांगतो, माझी हिंमत झाली नाही. हात थरथरत होते.

चार. हिंमत नसेल तर दात दुधात टाकायचा. समोरच्या चहाच्या टपरीवर काकांकडे दुधाची पिशवी होती. तापवलेलं नको, गार दूध द्या म्हटलं. काकांनी स्टीलच्या पेल्यात ओतून दिलं, पैसे घेतले नाहीत. दूध मिळालंच नाही तर त्याच्याच थुंकीत, छोट्या डबीत. साधं पाणी हा शेवटचा पर्याय, मुळावरच्या पेशींना ते मानवत नाही, पण कोरडं ठेवण्यापेक्षा बरं.

पाच. गाडी काढायची. आम्ही बाईकवर तिघं, मधे पोरगं, मागच्याच्या हातात दुधाचा पेला. वाटेतच डेंटिस्टना फोन केला, कारण रविवार होता. त्यांनी येऊन दवाखाना उघडला.

दात परत बसला. शेजारच्या दातांना बारीक तारेनं दोन आठवडे बांधून ठेवला. या वयात मूळ पूर्ण झालेलं असतं, तुटलेली नस परत जुळत नाही, म्हणून दोन आठवड्यांच्या आतच रूट कॅनॉलही सुरू केलं. आज तो दात जागेवर आहे. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलंय की हा दात पुढं किती वर्षं टिकेल हे तपासणीतच कळत जाईल. पण जबड्याची वाढ चालू असताना इम्प्लांट बसवत नाहीत. त्यामुळं हा दात अठरा-वीस वर्षांपर्यंत जरी टिकला, तरी त्या पोराला कॉलेजात तोंडावर हात ठेवून बोलावं लागणार नाही. ते कसं असतं, मला माहितीय.

एक अपवाद नीट ऐका. लहान पोराचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही. खाली पक्का दात तयार होत असतो, त्याला इजा होते. डॉक्टरांना मात्र दाखवायचं.

आधी डोकं, मग दात

मार लागून पोरगं बेशुद्ध पडलं, उलटी झाली, असंबद्ध बोलायला लागलं, तर दात बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. दात मिटताना जबडा नीट जुळत नसेल तर जबड्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तुटलेला तुकडा सापडत नसेल आणि ओठ फाटला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तुकडा ओठात रुतलेला असतो कधीकधी. सतत खोकला येत असेल तर तो श्वासनलिकेत गेला असेल. दात हलतोय किंवा आत घुसलाय, तर ओढून बघू नका. मातीत पडून लागलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आणि मिश्री, तंबाखू, लवंग तेल जखमेवर काहीही लावू नका. ओठाला बाहेरून कपड्यात गुंडाळलेला बर्फ, बास.

जायचं कुठं?

जवळचा डेंटिस्ट सगळ्यात चांगला, कारण वेळ महत्त्वाची. दिवसा असाल तर कराडजवळ मलकापूरला कृष्णाचं दंत महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. पण मॅच असतात रविवारी आणि संध्याकाळी, तेव्हा ओपीडी बंद असण्याची शक्यता जास्त. म्हणून रविवारी फोन उचलणाऱ्या एका डेंटिस्टचा नंबर आजच सेव्ह करा.

आणि माउथगार्ड. बॉक्सरच्या तोंडात असतं ते. खेळाच्या दुकानात गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं मिळतं, काहीशे रुपयांत. डेंटिस्टकडे माप देऊन केलेलं महाग, पण नीट बसतं आणि बोलताही येतं. कबड्डीत कुणी घालत नाही, पोरं हसतील, मान्य. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये लंका प्रीमियर लीगमध्ये चमिका करुणारत्नेचा झेल आठवतोय? चेंडू तोंडावर बसला, दात गेले, झेल मात्र सोडला नाही. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. त्यानंतर त्याला उपचार घ्यावे लागले, तो भाग कुणी फॉरवर्ड केला नाही.

तर मंडळी, हा भाग तुमच्या टीमच्या ग्रुपवर टाका. ग्राउंडवरच्या टपरीवाल्या काकांना विचारून ठेवा, गार दुधाची पिशवी असते का. आणि माझ्यासारखा कुणी असेल, मार लागला होता, आता दुखत नाही म्हणून गेला नाही, तर या आठवड्यात एक एक्स-रे काढून घे भावा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत खेळत राहा, आणि फोटोत दात दाखवून हसा!