मंद्रूपची वही परदेशी जाते

यंदाच्या गुढीपाडव्याला आमच्या मंद्रूपच्या घरी सगळी मंडळी जमली होती. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले, वडकबाळजवळ सीना ओलांडली, की थोड्या वेळाने आमचे गाव येते. इथे बोलण्यात मराठी अन् कानडी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून असतात, आणि ताटात कडक भाकरी व शेंगाची चटणी नसेल तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही. असे हे साधे गाव. त्या दिवशी मात्र माजघरात चर्चा चालली होती ती ऑस्ट्रियाची.

झाले होते असे, की माझी भाची पुण्यात चित्रकलेचे शिक्षण घेते. तिकडच्या एका उन्हाळी कलावर्गात तिची निवड झाली होती. मुदत चार आठवडे, जुलै महिन्यात. फीमध्ये थोडी सवलत मिळाली होती. पण विमान, राहणे, जेवण हे सारे घरचे. दाजींनी हिशेब मांडला आणि चष्मा काढून ठेवला. मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली एक ठेव होती, तिच्यावरच हा भार पडणार होता.

"चार आठवड्यांत माणूस काय शिकतो हो?" दाजींनी मला विचारले. "कॉलेजात चार वर्षे शिकतेच आहे की!"

बहीण गप्प होती. भाची भिंतीला टेकून नखे खात होती. आमची आई सुपात गहू निवडत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "चित्रं काढायला एवढ्या लांब कशाला जायचं? इथली संपली काय?"

प्रश्न खोचक होता. उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी मी वाचले, विचारले, जुने संदर्भ चाळले. अनेक घरांत आज हाच प्रश्न उभा असेल, म्हणून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

उन्हाळी शाळा म्हणजे काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रकला शिकायला परगावी जाण्याची रीत पश्चिमेकडे चांगली जुनी आहे. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या राजवाड्यात अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी १९२१ साली संगीताची आणि १९२३ साली चित्र-शिल्प-वास्तुकलेची उन्हाळी शाळा सुरू झाली. अमेरिकेत मेन राज्यात स्कौहीगन येथे १९४६ साली अशीच एक शाळा निघाली. आणि १९५३ साली ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे, डोंगरावरच्या जुन्या किल्ल्यात, ऑस्कर कोकोश्का या चित्रकाराने फ्रीडरिख वेल्झ या चित्रदालनाच्या मालकाच्या साहाय्याने आपला वर्ग उघडला. त्याने नाव ठेवले 'पाहण्याची शाळा'.

या नावातच सारे मर्म आहे. कोकोश्काची चित्रे नाझींनी 'अधःपतित' ठरवली होती. प्राग, मग लंडन असा त्याला आसरा शोधावा लागला. महायुद्ध संपल्यावर त्याला वाटले, की माणसे पाहायलाच विसरली आहेत. ती डोळे उघडे ठेवून पाहू लागली तर बरेच काही सावरेल. म्हणून त्याने प्रवेशाला पदवीची अट घातली नाही. नवखा आणि मुरलेला एकाच खोलीत बसत. समोरचा माणूस हलता-फिरता, हातात जलरंग. घोटून घोटून चित्र 'पुरे' करायला वेळच नसे. जे दिसले ते पकडायचे, नाहीतर सोडायचे. कोकोश्काने तिथे १९६३ पर्यंत शिकवले. ती शाळा आजही दर उन्हाळ्यात भरते आणि गरजूंना शिष्यवृत्त्याही देते.

आज असे वर्ग फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन अशा अनेक ठिकाणी चालतात. काही विद्यापीठांचे असतात आणि त्यांचे गुण पदवीत धरले जातात. काही खाजगी कार्यशाळा असतात. सामान्य क्रम असा, की दिवसाचा काही वेळ हातात ब्रश आणि काही वेळ संग्रहालयात. एक लक्षात ठेवावे, की तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. आपल्याकडे मेची सुट्टी संपून कॉलेजे सुरू झालेली असतात. तेव्हा हजेरीची परवानगी आधी काढावी, नाहीतर तिकडून कौतुक घेऊन आलेला विद्यार्थी इकडे परीक्षेला बसता बसता राहतो!

आधी कोण गेले होते?

अलिबागजवळच्या सासवने गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोराने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते तिथले कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या मदतीने मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. पुढे १९२० साली करमरकर लंडनला रॉयल अकादमीत शिकायला गेले. परत येऊन त्यांनी काय केले? पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ साली उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहावा, म्हणजे उत्तर मिळते. घोड्याचे स्नायू कसे ताणले जातात ते त्यांनी परदेशी विद्येने जाणले असेल. पण त्यावर कोण बसायचे ते सासवन्याच्या भिंतीवर आधीच ठरले होते. त्यांच्या सासवन्याच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

दुसरे उदाहरण सय्यद हैदर रझा यांचे. मध्य प्रदेशातल्या जंगलभागातला हा मुलगा नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जे. जे. मध्ये शिकला. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. ते म्हणाले, तुमच्या चित्रांत गुण आहे, पण बांधणी नाही; सेझानचा अभ्यास करा. एखादा रागावला असता. रझा मुंबईत फ्रेंच शिकू लागले आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. पण पुढे ज्या 'बिंदू'मुळे त्यांचे नाव जगभर झाले, तो पॅरिसचा नव्हता. लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी चंचल मुलाला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत बसायला सांगितले होते, तोच तो ठिपका. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून ते २०१० साली भारतात परतले आणि २०१६ साली इथेच वारले.

मडगावचे लक्ष्मण पै १९५१ साली पॅरिसला गेले आणि दहा वर्षे राहिले. भित्तिचित्र आणि उत्कीर्णन ही तंत्रे तिथे शिकले. पण 'गीतगोविंदा'वरची चित्रमाला त्यांनी याच काळात केली. गोव्याला परतून १९७७ पासून दहा वर्षे ते तिथल्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

आणि आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन? सिनेमाच्या जाहिरातींचे फलक रंगवून त्यांनी पोट भरले. युरोप त्यांनी पाहिला तो १९५३ साली, नाव होऊ लागल्यानंतर, आणि तोही वर्गात बसून नव्हे. म्हणजे परदेशी गेल्याखेरीज चित्रकार होता येत नाही, असे मुळीच नाही.

हे सारे वाचून माझी एक समजूत झाली. जे गेले आणि काही मिळवून आले, त्यांच्या ट्रंकेत जातानाच काहीतरी घरचे होते. रिकामी ट्रंक घेऊन जाणारा रिकामीच आणतो. फार तर वर परदेशी चिठ्ठ्या चिकटतात.

कुडलचा आठवडा

ही माझी समजूत मी आईला सांगितली. ती म्हणाली, "मग ट्रंक भरा की तिची!" आणि तिने अट घातली. मे महिन्यात नातीने आजीकडे यायचे आणि आठ दिवस कुडलला जाऊन चित्रे काढायची. "मग जावईबापू, तुम्ही बघा आणि काय ते ठरवा."

हत्तरसंग-कुडल आमच्या गावापासून दूर नाही. भीमा आणि सीना यांचा तिथे संगम आहे. संगमेश्वराच्या देवळातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. शेजारच्या हरिहरेश्वराच्या मंदिराच्या उत्खननात १९९९ साली एक शिवलिंग सापडले. त्यावर साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेली आहेत. एवढे धन उशाशी असून आम्ही मंद्रूपकर वर्षानुवर्षे तिथे गेलो ते फक्त पर्वणीला आंघोळ करायला!

मेमधले सोलापूरचे ऊन मी वेगळे सांगायला नको. भाची पहाटे निघे आणि दहाच्या आत परते. पहिल्या दिवशी तिने सबंध देऊळ काढले, अगदी पोस्टकार्डासारखे. दुसऱ्या दिवशी एक खांब. तिसऱ्या दिवशी ती कागद कोराच घेऊन आली. "मामा, उजेड सरकला की मुखं बदलतात. मला काढताच येईना."

मला वाटले, आता रडणार. पण ती चौथ्या दिवशी पुन्हा गेली आणि तिने फक्त सावल्या काढल्या. आठव्या दिवशी दाजी सोलापूरहून आले. त्यांनी वही उलगडली, बराच वेळ पाहिली आणि एवढेच विचारले, "पासपोर्टची मुदत किती आहे?"

गेली, आणि आली

मग सुरू झाली कागदांची वारी. ज्यांना पाठवायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमापत्र सक्तीचे आहे. बँकेची खातेपत्रके, प्रवेशाचे पत्र, राहण्याची सोय, परतीचे आरक्षण सारे जोडावे. टर्पेंटाइन विमानात नेऊ देत नाहीत, ते तिथेच घ्यावे. जलरंगाची पेटी बरोबर असली की निम्मी काळजी मिटते. आणि संग्रहालयात पेन्सिलीने रेखाटन करायला बहुधा हरकत नसते, पण तैलरंगात नक्कल करायची तर आधी परवानगी काढावी लागते. पॅरिसच्या लूव्हरमध्ये तर नक्कल मूळ चित्राच्या आकाराची चालतच नाही. खोटे चित्र खरे म्हणून खपू नये, यासाठी ही खबरदारी.

पहिल्या आठवड्यात भाचीचा फोन आला तो रडकाच होता. तिथल्या बाईंनी तिचा सफाईदार कामांचा सगळा गठ्ठा बाजूला सारला होता. "हे तुला येतं ते दिसलंच. आता जे येत नाही ते कर." खोडरबर काढून घेतले आणि मोठा ब्रश हातात दिला. बरोबरची मुले सराईत, भाषा अडखळती, जेवण फिके. चार रात्री तिला झोप लागली नाही. बहीण म्हणाली, "बोलावून घेऊ या का?" दाजी काही बोलले नाहीत, ठेव मोडलेला माणूस काय बोलणार!

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी तिला विचारले, तुझ्याकडे आणखी काही आहे का? तिने भीत भीत कुडलची वही पुढे केली. बाई सावल्यांच्या पानावर थांबल्या. "इथून सुरुवात कर," म्हणाल्या. बस्स. ना शाबासकी, ना बक्षीस. पण त्या दिवसापासून फोनवरचा आवाज बदलला. तिकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो, सावल्या लांबच लांब पडतात, आणि आपल्याकडे मात्र माध्यान्ही त्या पायाखाली दडतात, हे ती अशा उत्साहाने सांगू लागली, की जणू सूर्याचा शोध तिनेच लावला!

ऑगस्टमध्ये ती आली. बहिणीने बॅग उघडली. पुरी झालेली अशी तीनच चित्रे निघाली. बाकी सगळे फराटे. "एवढे पैसे घालून एवढंच?" तिच्या तोंडून निघून गेले. भाचीचा चेहरा उतरला. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते.

गौरीच्या सणाला आम्ही मंद्रूपला गेलो. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. भाची पाटावर बसली, ब्रश पाण्यात बुडवला, आणि तव्यावरची भाकरी उलटून निखाऱ्यावर जाईपर्यंत चित्र झालेही. त्यात आईचा चेहरा नीटसा नव्हता. होता तो वाकलेला खांदा, इरकलीचा काठ आणि जाळाचा उजेड. पण ती आमची आईच होती, दुसरी कोणी नव्हे.

दाजींनी तो कागद वाळू दिला, जपून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सोलापूरला नेला. ठेवीबद्दल ते त्यानंतर बोललेले नाहीत. भाचीचे पुढे काय होईल ते कोणी सांगावे? कदाचित ती चित्रकार होईल, कदाचित एखाद्या शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना शिकवील. तेही काही कमी नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घरातले कोणी असेच चित्रे काढीत बसले असेल, तर परदेशाचा विचार जरूर करा. पण त्याआधी आपल्या गावाजवळचे देऊळ, वेस, नदीचा घाट त्याला दाखवा आणि आठ दिवस तिथे बसू द्या. तिसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन आला आणि चौथ्या दिवशी पुन्हा गेला, तर खुशाल तिकिटाची चौकशी करा.

आमच्या आईला मी परवा विचारले, "मग, इथली चित्रं संपली का गं?"

ती म्हणाली, "संपतील कशानं? आता तर कुठं दिसाया लागलीत."