दोन तासांनी कान का दुखतो?

इगतपुरीला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चढलेल्या घोटीकराला मुंबई गाठेपर्यंत अडीचेक तास मिळतात. कुणाच्या कानात कीर्तन असतं, कुणाच्या कानात एमपीएससीचा तास, कुणाच्या कानात कादंबरी. 2017 साली पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल ॲप भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं कानाने वाचणारा मोठा वर्ग तयार झाला आहे आणि एखादी जाडजूड कादंबरी पुरी व्हायला पंधरा-वीस तास सहज लागतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना तर ऐकणं हेच वाचणं. त्यांच्यासाठी नाशिकमध्ये नॅबसारखी संस्था काम करते. मोबाइल आणि संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालींच्या जोरावर ही मुलं दिवसचे दिवस अभ्यास करतात.

या सगळ्यांची तक्रार मात्र एकच असते. गोष्ट ऐन रंगात आलेली असते आणि हात हेडफोन काढायला वर जातो. कान ठणकत असतो, टाळू दुखत असते, नाहीतर कानात घामाची चिकचिक झालेली असते. याचं उत्तर शोधायला निघालं की हेडफोनपेक्षा आपल्या कानाचीच नवलाई जास्त उलगडत जाते.

कानाची वरची कड चिमटीत धरून पाहा आणि मग गाल धरून पाहा. गालाला मांस आहे, चरबीची गादी आहे. कानाच्या कडेला पातळ त्वचा आणि तिच्या आत लगेच कूर्चा. मधे गादी अशी जवळजवळ नाहीच. दाबाने दुखायला लागलं तर झोपेतसुद्धा आपण कूस बदलतो आणि कान मोकळा करतो. हेडफोन घालून बसलं की कान तासन्‌तास त्याच जागी दाबलेला राहतो.

हा दाब किती असतो? त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये, म्हणजे केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब किती असतो हे यूजीन लँडिस यांनी 1930 साली मोजून दाखवलं. नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेत, सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षाही बारीक काचेची नळी थेट केशवाहिनीत घालून! रक्त जिथून केशवाहिनीत शिरतं त्या टोकाला सरासरी दाब निघाला पाऱ्याचा 32 मिलिमीटर, आणि जिथून बाहेर पडतं तिथे जेमतेम 12. बाहेरून याहून जास्त दाब बराच वेळ पडला की त्या जागी रक्त नीट पोचत नाही. त्वचा आधी पांढरी पडते, मग कुरकुरायला लागते.

आता थोडं गणित करू. समजा, हेडफोनची पट्टी कानावर चार न्यूटन बलाने दाबते आहे. चारशे ग्रॅमचं वजन ठेवल्यासारखंच ते. कानाभोवती बसणाऱ्या मोठ्या हेडफोनची गादी कानाला न टेकता कवटीवर टेकते. तिचं क्षेत्रफळ तीस चौरस सेंटिमीटर धरलं तर दाब येतो पाऱ्याचा सुमारे 10 मिलिमीटर. तेवढ्यात रक्ताचं काही अडत नाही. आता तेच बल कानावर टेकणाऱ्या छोट्या हेडफोनमधून येऊ द्या. कानाचा पृष्ठभाग उंचसखल, त्यामुळे गादी फक्त उंचवट्यांवर टेकते. हा भाग पाच चौरस सेंटिमीटर धरला तर दाब होतो जवळजवळ 60 मिलिमीटर. बल तेवढंच, पण एक हेडफोन चार तास चालतो आणि दुसरा तासाभरात नकोसा होतो. चष्मेवाल्यांची अडचणही हीच. गादीखाली आलेली चष्म्याची काडी सगळा दाब एका रेघेवर गोळा करते. त्यांनी जाड काडीपेक्षा पातळ, चपटी काडी निवडली तर निम्मी लढाई जिंकली म्हणायची.

दाब पसरवायचं काम गादीचं. दाबली की हळूहळू बसणारा आणि अंगाच्या उबेने मऊ होणारा मेमरी फोम 1966 साली नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातल्या आसनांकरता तयार केला. आज तोच चांगल्या हेडफोनच्या गाद्यांमध्ये असतो आणि कवटीच्या खाचखळग्यांत बसून दाब सगळीकडे सारखा वाटून देतो. पण घोटीसारख्या गावात गादीच्या आतल्या फोमइतकंच वरचं आवरणही महत्त्वाचं. इथला पावसाळा म्हणजे महिनोन्‌महिने ओली हवा. कृत्रिम चामड्याचं आवरण बाहेरचा आवाज चांगला अडवतं, पण घामही अडवतं. शिवाय त्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतं आणि दोनेक वर्षांत त्याचे काळे पापुद्रे कानामागे चिकटायला लागतात. मखमली किंवा जाळीदार कापडाची गादी हवा खेळती ठेवते. म्हणून गाद्या बदलता येतील असाच हेडफोन घ्यावा.

कानानंतर डोकं. टाळूवरची त्वचा हाडावर ताणून बसवलेली असते, तिथे अडीचशे ग्रॅम वजन तासभर एकाच रेषेत राहिलं तर डोकं दुखणारच. डोक्याला बाहेरून काही आवळून बसल्यामुळे होणाऱ्या डोकेदुखीला वैद्यकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. ती तासाभरात सुरू होते आणि वस्तू काढली की तासाभरात थांबते. हेडफोनचा इतिहास बऱ्याच अंशी हे वजन उतरवण्याचाच इतिहास आहे. 1910 च्या सुमारास अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन आपल्या घरच्या स्वयंपाकघरात नौदलासाठी हेडफोन जोडत होते. 1958 मध्ये जॉन कॉस यांनी स्टीरिओ संगीत डोक्यावर आणलं. 1968 मध्ये सेनहायझरच्या एचडी 414 ने मागची बाजू उघडीच ठेवली. कान श्वास घेऊ लागला आणि आवाज मोकळ्या खोलीतून आल्यासारखा वाटू लागला. 1979 मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर आलेला हेडफोन तर अवघ्या पन्नासेक ग्रॅमचा होता. तोही कानावरच टेकायचा, पण इतक्या हळुवार की लोक तो घालून रस्त्याने चालायला लागले.

मग कानात घालायचे बारके इअरफोनच बरे नाहीत का? वजन तर काहीच नाही. पण कानाची नळी म्हणजे नुसतं भोक नव्हे. दोन्ही करंगळ्या हलकेच कानात ठेवून तोंड उघडा आणि मिटा. भिंत हलल्याचं स्पष्ट जाणवेल. नळीच्या समोरच्या भिंतीला लागूनच जबड्याचा सांधा आहे. बोलताना, शेंगदाणे खाताना नळीचा आकार बदलत राहतो, म्हणूनच काहींचा इअरफोन जेवताना निसटतो आणि काहींना रुततो. या नळीच्या त्वचेत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी येते. हाच मज्जातंतू खाली घशाकडे, हृदयाकडे, पोटाकडे जातो. काही माणसांना कानात काही घातलं की खोकला येतो, तो याच नात्यामुळे.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट याच्या पुढे आहे. कानाच्या पडद्यापासून नळीची त्वचा सतत बाहेरच्या दिशेने सरकत असते, नखं वाढतात साधारण त्याच संथ गतीने. घोटीच्या भात गिरणीत पट्ट्यावरून दाणे पुढे जावेत तसा या त्वचेवरून मळ आणि धूळ आपोआप बाहेर येते. कान स्वतःला असा साफ करतो. आपण रोज सहा तास त्या वाटेवर बूच मारलं तर मळ आतच साठतो, आणि पावसाळ्यात ओलाव्याला ऊब मिळाली की बुरशीला आयतं घर मिळतं. म्हणून इअरफोन वापरणाऱ्यांनी रबरी टोकं कोरडी ठेवावीत आणि मधूनमधून कान उघडा सोडावा. कानात काडी घालणं तर टाळावंच, कारण ती मळ उलट आत ढकलते.

कसारा घाटात आणखी एक गंमत अनुभवायला मिळते. इगतपुरी आणि कसारा यांच्यात गाडी सुमारे तीनशे मीटर खाली उतरते. तेवढ्यात हवेचा दाब तीन टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. कानाच्या आत, पडद्यामागे, जुनीच हवा असते. आवंढा गिळला की घशाकडे जाणारी नळी उघडते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि कान ‘सुटतो’. घट्ट बसणारा इअरफोन घातला असेल तर बाहेरची हवा पडद्यापर्यंत सहज पोचत नाही आणि कान भरल्यासारखा वाटण्यात भर पडते. घाटापुरता तो काढलेला बरा. घट्ट इअरफोन घालून बोललं तर आपलाच आवाज घुमतो, त्यामागेही हेच बूच असतं. घशातली कंपनं हाडांवाटे कानाच्या नळीत उतरतात, एरवी ती बाहेर निसटून जातात, बूच मारलं की आतच कोंडली जातात. तळव्याने कान झाकून ‘म’ म्हणा, लगेच पटेल.

आराम ही चैन नव्हे, हे आवाजाच्या पातळीकडे पाहिलं की कळतं. हेडफोन सैल बसला किंवा दुखतो म्हणून आपणच सैल केला की गाडीचा खडखडाट आत शिरतो आणि आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला 80 डेसिबलपर्यंत 40 तास ऐकणं सुरक्षित आहे. दर तीन डेसिबल वाढले की ही वेळ निम्मी होते: 83 ला वीस तास, 86 ला दहा, 89 ला फक्त पाच. प्रत्येक कानात आवाज पकडणाऱ्या जेमतेम पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात आणि गेलेली पेशी परत उगवत नाही. यावरचा एक उपाय अमर बोस यांना 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानात सुचला: बाहेरच्या घरघरीची नेमकी उलटी लहर तयार करून ती घरघर पुसून टाकायची. आज हे तंत्र असलेले हेडफोन सर्रास मिळतात. गाडीची, पंख्याची सलग घरघर ते उत्तम दाबतात, त्यामुळे कमी आवाजातही शब्दन्‌शब्द कळतो. काहींना मात्र ते चालू केलं की कानावर दडपण आल्यासारखं वाटतं, म्हणून आधी घालून पाहावं.

घालून पाहावं, हाच खरा सल्ला. दुकानात आरशासमोर दोन मिनिटं घालून काही कळत नाही, कारण रक्त अडायला आणि घाम यायला वेळ लागतो. दुकानदाराला विनंती करून वीसेक मिनिटं घालून बसावं, तेही चष्म्यासकट. कानाची कड गादीच्या आत मोकळी राहते का, आतल्या कापडाला टेकते का, ते पाहावं. मान खाली घालावी, जबडा हलवावा, दोन वाक्यं बोलावीत. नवा हेडफोन जास्त आवळत असेल तर रात्रभर त्याच्या रुंदीपेक्षा थोड्या जास्त जाडीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवला की पट्टी जरा सैलावते. आणि कितीही आरामशीर असला तरी तासाभराने पाच मिनिटं काढून ठेवावा.

दोन माणसांचे कान सारखे नसतात, एका माणसाचे दोन कानही अगदी सारखे नसतात. शेजाऱ्याला स्वर्ग वाटणारा हेडफोन आपल्याला टोचतो, यात त्याची चूक नाही आणि आपलीही नाही. किंमत आणि नाव नंतर पाहावं, आधी आपल्या कानाला विचारावं. जो घातल्याचं तासाभराने लक्षातच राहत नाही, तो हेडफोन आपला.