घरचा टेलिफोन इंटरनेटवर : बचत व सावधगिरी

आपल्या जिल्ह्यांतील कांहीं जुन्या घरांतून तारेचा टेलिफोन अद्याप जागेवर आहे. वडील माणसांस तोच हाताळावयास सोपा वाटतो, आणि त्याचा क्रमांक आप्तेष्टांस, साखर कारखान्यास व दूधसंस्थेस वर्षानुवर्षें ठाऊक असतो. दुसरीकडे मुलांच्या शिक्षणाकरितां व बाजारभाव पाहण्याकरितां त्याच घरांत इंटरनेटहि आलेलें असतें. अशा वेळीं दरमहा दोन बिलें भरावीं कीं एक, हा प्रश्न उत्पन्न होतो. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें साधन चालतें कसें तें पाहूं. तारेच्या टेलिफोनांत आपल्या आवाजाप्रमाणें विजेचा प्रवाह कमीअधिक होऊन तांब्याच्या तारेनें एक्स्चेंजपर्यंत जातो. इंटरनेटच्या टेलिफोनांत ही तार घरांतील एका लहान पेटीपाशींच संपते. ती पेटी आवाजाचें माप दर सेकंदास ८,००० वेळां घेते, त्या मापांचे आंकडे करिते, व त्यांच्या बहुधा सेकंदास ५० याप्रमाणें पुड्या बांधून इंटरनेटवरून रवाना करिते. पलीकडे त्या पुड्या सोडून पुन्हां आवाज तयार होतो. नेहमींच्या पद्धतीनें एक तास बोलण्यास दोन्ही बाजूंचे मिळून सुमारें ८० मेगाबाइट लागतात. चित्रपट पाहण्यास जें लागतें त्याच्या मानानें हें अगदीं अल्प होय. बोलणें स्वस्त होण्याचें कारण हेंच.

अशा पेट्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली स्वतंत्र विकत मिळणारी. तीस अडॅप्टर म्हणतात. अमेरिकेंत मॅजिकजॅक नांवाची अशी वस्तु २००७ सालीं विक्रीस आली. दुसरी पेटी फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूच्या जोडणीबरोबर कंपनीच बसवून देते. आपल्याकडे घरगुती उपयोगास हीच अधिक सोयीची. भारत संचार निगम व खाजगी कंपन्या यांच्या अशा जोडणींत बोलण्याची सोय इंटरनेटच्या आकारांतच देण्याची चाल पडली आहे. पेटीच्या मागें टेलिफोनची पिन बसवावयाची जागा असते. तेथें घरचा जुना टेलिफोनहि बहुधा चालतो.

आतां हिशेब पाहूं. खालील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनीं त्या जागीं आपल्या बिलांतील रकमा घालाव्या. समजा, तारेच्या टेलिफोनास दरमहा २५० रुपये व इंटरनेटास ५०० रुपये पडतात. एकूण ७५० रुपये, त्यावर शेंकडा १८ प्रमाणें जी.एस.टी. १३५, मिळून ८८५ रुपये झाले. तारेचा टेलिफोन बंद करून इंटरनेटच्याच जोडणीवर बोलणें चालविल्यास ५०० व जी.एस.टी. ९० मिळून ५९० रुपये होतात. बचत दरमहा २९५, म्हणजे वर्षास ३,५४० रुपये. परंतु ज्याचे घरीं इंटरनेटची गरजच नाहीं, त्यानें केवळ टेलिफोनाकरितां तें घेतल्यास २९५ रुपयांचे जागीं ५९० भरावे लागतील. सारांश, जो इंटरनेटचे पैसे आधींच भरीत आहे त्याचीच बचत होते. इतरांचा खर्च वाढतो.

बचतीच्या पलीकडे आणखी एक बाब आहे, व ती पैशाहून महत्त्वाची आहे. तांब्याच्या तारेस एक्स्चेंजमधील बॅटरीची वीज मिळते. म्हणून गांवची वीज गेली तरी साधा टेलिफोन चालतो. नव्या पेटीस घरचीच वीज लागते. जुलै २०२१ च्या महापुरांत आमचे घरीं याचा अनुभव आला. वीज गेली, पेटीवरील दिवे मालवले व टेलिफोन मुका झाला. पाणी चढत आहे, जनावरें आतांच हलवा, हा निरोप देण्याकरितां आमचे मेहुणे नदीपलीकडून रात्रभर त्याच क्रमांकावर प्रयत्न करीत होते. अखेर शेजाऱ्याच्या मोबाइलवर निरोप पोहोंचला, तेव्हां गोठ्यांत घोटाभर पाणी आलें होतें. जनावरें वांचलीं. दोष कंपनीचा नव्हता. पेटीस बॅटरी न ठेवण्याची चूक आमचीच होती.

सबब बचतीच्या पहिल्या रकमेंतून पेटीकरितां लहान यू.पी.एस. घ्यावा. पेटीस १२ व्होल्ट व १ अँपिअर लागत असेल तर तिचा खप १२ वॅट. यू.पी.एस. ४८ वॅट-तासांचा असल्यास हिशेबानें ४ तास निघतात. प्रत्यक्षांत त्याहून कांहीं कमी धरावे. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांस येण्यापूर्वींच बॅटरी भरलेली असावी. तथापि वाटेंत फायबर तुटल्यास बॅटरीचाहि उपाय चालत नाहीं. म्हणून भरलेला एक मोबाइल घरांत असलाच पाहिजे. व्हॉट्सॲपवरून ११२ हा संकटकाळचा क्रमांक लागत नाहीं, हेंहि घरांतील सर्वांस सांगून ठेवावें.

जोडणी बदलण्यापूर्वीं जुना क्रमांक कायम राहील काय, हें लेखी विचारून घ्यावें. उत्तर येईपर्यंत जुनी जोडणी बंद करूं नये. पुष्कळ वर्षांचे पैसे आगाऊ भरूं नयेत. स्काइपसारखी जगभर चाललेली सोय २००३ सालीं सुरू होऊन मे २०२५ मध्यें बंद झाली. तसेंच परदेशांतून येणारीं बोलणीं येथील क्रमांकांवर वळविणारी, अनेक सिमकार्डें घातलेली पेटी घरांत ठेवल्यास भाडें देऊं, असें कोणी सांगितल्यास त्यास दारांतूनच परत पाठवावें. परवान्यावांचून असा व्यवहार करणें हा गुन्हा आहे, आणि चौकशी जागेच्या मालकापाशीं येते.

येत्या महिन्याचीं दोन्ही बिलें समोर ठेवून वरीलप्रमाणें हिशेब मांडावा. बचत दिसल्यास बदल अवश्य करावा, परंतु बॅटरी आधीं आणावी व तार नंतर सोडावी.