पाणंदीला वाफसा आहे का?

आडसाली लागणीचे दिवस आले की आपल्या कार्यक्षेत्रात दोन गोष्टींची धांदल उडते. एक बेण्याची आणि दुसरी गाडीची. पूर्वी बेणे बैलगाडीतून यायचे. आता कित्येकांच्या दारात पिकअप उभी असते, नसेल तर भाड्याने मिळते. डांबरी रस्त्यावर ही गाडी मोठी गुणाची. दूध म्हणा, खत म्हणा, बेणे म्हणा, कशाला नाही म्हणत नाही. पण डांबर संपून पाणंद लागली आणि वर पाऊस झालेला असला, की तीच गाडी हट्टी बैलासारखी जागच्या जागी बसते. सभासद बंधू-भगिनींनो, या बसण्यापायी आम्ही काय भोगले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोरडे वाटणार नाही.

२०२२ सालच्या जुलैतली गोष्ट. को. ८६०३२ चे बेणे भरून आम्ही पाणंदीच्या तोंडाशी आलो. सकाळी सर येऊन गेली होती. शेजारचे आबा बांधावर उभे होते. ते म्हणाले, "आज राहू द्या. उद्या ऊन पडलं तर जाईल." आम्ही ऐकले नाही. लागणीच्या बायका रानात येऊन बसल्या होत्या, त्यांचा रोज वाया जाईल ही काळजी. शे-दीडशे पावले गेलो आणि मागचे एक चाक गरागरा फिरू लागले. आम्ही आणखी रेस दिली. चाक खाली खाली गेले आणि त्याने आबांची पाणंद ओलांडून गेलेली पाइपलाइन फोडली. मग ट्रॅक्टर बोलावला, जुना दोर बांधला आणि झटका दिला. दोर तुटला. त्याचे टोक आमच्या पुतण्याच्या कानाजवळून सणाणत गेले. वीतभर अंतर राहिले म्हणून आज हे लिहितो आहोत. आबा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "गाडी तुमची रुतली, पण वाट सगळ्यांची बुजली." खरेच, पुढे आठवडाभर मागच्या वस्तीवरचे दूध डोक्यावरून न्यावे लागले.

गाडी का बसते?

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. पुढची चाके नुसती वळण्यापुरती. आता रिकाम्या गाडीचे वजन कुठे असते? इंजिन आणि केबिन दोन्ही पुढे, म्हणजे वजन पुढे आणि ओढणारी चाके मागे. म्हणून रिकामी पिकअप चिखलात भरल्या गाडीपेक्षा लवकर घसरते. भरल्या गाडीला पकड चांगली मिळते, पण जमीन मऊ असेल तर ती खोल जाते. दोन्हीकडून अडचणच.

दुसरे कारण डिफरन्शियलचे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी ही योजना असते. रस्त्यावर ती हवीच. चिखलात मात्र ती उलटते. घसरत्या चाकाला जेवढा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. चिखलातले चाक कसल्याही जोराशिवाय फिरते, म्हणून कोरड्यात उभ्या असलेल्या चाकालाही जोर पोचत नाही. एक चाक गरगरते, दुसरे ढिम्म हलत नाही. दोन चाकांची गाडी अशा वेळी एकाच चाकाची होते.

कोणी म्हणेल, आपला ट्रॅक्टरही बहुधा मागच्या दोन चाकांवरच चालतो, मग तो कसा जातो? त्याची चाके मोठी, त्यांना माती धरणारे उंच खवले, बराचसा भार मागच्या चाकांवर आणि गरज पडली तर दोन्ही चाके एकत्र फिरवणारे लॉक. पिकअपला यातले सहसा काही नसते. म्हणून ट्रॅक्टर गेला त्या वाटेने पिकअप जाईल हा हिशेब चुकतो. उलट ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतील तर पिकअपचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते आणि चाके अधांतरी राहतात.

तिसरे कारण आपली काळी जमीन. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या हलक्या सरीने वरचा थर लोण्यासारखा होतो, खाली मात्र कठीण असते. तिथे गाडी घसरते. झड लागली की खालचाही थर मऊ पडतो. तिथे गाडी रुतते. शिवाय ही माती टायरच्या नक्षीत भरून बसते आणि चांगला टायरसुद्धा गुळगुळीत होतो.

आत जाण्यापूर्वी

पेरणीला आपण वाफसा बघतो. मूठभर माती दाबून गोळा फुटतो का ते पाहतो. मग गाडी घालताना पाणंदीचा वाफसा का बघू नये? आता आमचा नेम असा आहे : गाडी डांबरावर उभी करायची आणि सगळी वाट पायी चालायची. जागोजागी टाच दाबायची. टाचेच्या खड्ड्यात पाणी साठले किंवा चपलेला मणभर माती चिकटली, तर गाडी आत घालायची नाही. कुठे पाइप आहे, कुठे दगड आहे, मागे फिरायला जागा कुठे आहे, हे त्याच फेरीत कळते.

रिकामी गाडी न्यायचीच असेल तर मागच्या दांड्याच्या वर चार-पाच पोती वजन ठेवून घट्ट बांधावे. भरलेल्या गाडीत माल शेवटच्या टोकाला रचू नये. तसे केले तर पुढची चाके हलकी होतात आणि वळेनाशी होतात. बेणे पाचटासकट आणावे. डोळे शाबूत राहतात आणि गाडी अडलीच तर चाकाखाली घालायला पाचट हाताशी असते. खोरे, चार रिकामी पोती आणि दोन फळ्या गाडीत असाव्यातच. वाळूत टायरची हवा थोडी कमी केल्याने फायदा होतो. काळ्या चिखलात तो फारसा मिळत नाही. भरल्या गाडीची हवा तर काढूच नये, टायर तापतो आणि कड जाते.

माणसे मात्र मागे बसवू नयेत. मालगाडीत माणसे नेणे कायद्यातही बसत नाही आणि घसरत्या वाटेवर गाडी कलंडली तर आधी तीच खाली येतात. लागणीच्या बायकांनी पाणंदीच्या तोंडाशी उतरून चालत जावे. दहा मिनिटे जातील, पण सगळ्या धड पोचतील.

चालवताना आणि अडल्यावर

दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या बेताच्या गतीने जावे. मध्येच थांबू नये, गिअर बदलू नये, रेस खालीवर करू नये. ओढ्यातून पाणी वाहत असेल तर मोह टाळावा. दोन फूट वाहते पाणी पिकअपसारखी गाडीसुद्धा वाहून नेऊ शकते, आणि खालची वाट खचली आहे की नाही हे वरून दिसत नाही.

चाक जागच्या जागी फिरले, की त्याच क्षणी पाय उचलावा. सगळ्यात महत्त्वाचे हेच. पहिल्या घसरणीला थांबलात तर गाडी चार बोटे रुतलेली असते, रेस देत राहिलात तर दांडा टेकेपर्यंत जाते. मग माल उतरवावा. मागच्या चाकांच्या बाजूची आणि दांड्याखालची माती काढावी, पाचट व पोती दाबून घालावीत आणि आलो त्याच वाटेने हळूच मागे यावे. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक थोडासा ओढून पाहावा. फिरते चाक अडते आणि दुसऱ्याला थोडा जोर मिळतो. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या रेषेत उभे राहू नये, दगड सुटतो.

ट्रॅक्टर लावायचा झाला तर दोर चांगला हवा आणि तो चॅसिसच्या हुकालाच बांधावा, बंपरला नाही. आधी दोर ताणून घ्यावा, मग सावकाश ओढावे. झटका देऊ नये. दोरावर मध्यभागी ओले पोते टाकावे आणि बाकीच्यांनी दोराच्या लांबीहून अधिक लांब उभे राहावे. आमच्या पुतण्याला हे आधी कुणी सांगितले नव्हते. आम्हालाच ठाऊक नव्हते.

कर्णासारख्या वीराचे चाकही जमिनीने गिळले, तिथे आपली काय कथा! लागण एक दिवस उशिरा झाली तर ऊस उगवायचा राहत नाही. आबांचा पाइप आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलून दिला. पुढच्या उन्हाळ्यात पाणंदीवरच्या सगळ्या खातेदारांनी मिळून कडेने चर काढला आणि मुरूम टाकला. आता पाऊस उघडल्यावर वाट लवकर सुकते. तरी आम्ही टाच दाबून बघितल्याशिवाय आत जात नाही, आणि बांधावर आबा उभे असले तर आधी त्यांना विचारतो.